पूर्ण बाह्यांची झंपरं

मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी मी सातवीत होते. शाळा नावालाच उघडी होती. बिलोलीच्या बाजूच्या आमच्या गावातली निम्मी पोरं आईबापांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, त्यात मीही होते. माय मोठे दगड फोडायची आणि मी त्यांचे तुकडे बारीक करायची. एका दुपारी माझ्या मनगटात दगडाची कपची घुसली. ती काढायला मायनं माझा हात हातात घेतला आणि कपची राहिली बाजूलाच, ती मनगटाकडं बघत बसली.

"हे काय लागलं गं? चुना?"

तिनं थुंकी लावून अंगठ्यानं चोळलं, मग पदरानं चोळलं. ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. चोळून चोळून भोवतालची कातडी लाल झाली आणि ठिपका आणखीच उठून दिसायला लागला. मला गंमत वाटत होती, मायला वाटली नाही. तिनं कपची काढली, लुगड्याची चिंधी फाडून मनगटाला बांधली, आणि जखम बरी झाल्यावरही ती चिंधी मला सोडू दिली नाही.

त्या वर्षी रेशनवर परदेशातली लाल ज्वारी मिळायची. मिलो म्हणायचे तिला. गावात काही वाईट झालं की दोष मिलोचा. कुणाचं पोट बिघडलं, मिलो. म्हैस आटली, मिलो. माझा ठिपकाही मिलोनंच आला असं ठरलं.

"मिलो तर सगळ्यांनीच खाल्ली," मी म्हणाले. "मग माझ्याच हातावर कामून?"

"सवाल बराबर हाय," दादा म्हणाले. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. "पण जवाब कुणापाशी न्हाई."

दादा बांधकाम खात्याच्या रस्त्यावर गँगमन होते. उंच, हाडकुळा माणूस, कमी बोलायचे. छप्पन साली, ऐन तरुणपणी, त्यांनी घरातले देव टोपल्यात घालून मांजरेच्या डोहात सोडले होते आणि बौद्ध झाले होते. त्या दिवसानंतर गावात कुणासमोर मान घालून चालणं त्यांनी बंद केलं. त्यापायी एकदा मार खाल्ला, पण चाल बदलली नाही. आम्हा भावंडांना त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली. कुणी जात विचारली तर पहिल्या सवालाला सांगायची. चाचरायचं नाही, आवाज उतरू द्यायचा नाही.

ठिपके मात्र वाढत गेले. मनगटावरून कोपराकडं चढले, मग दुसऱ्या हातावर आले, मग डाव्या कानाखाली मानेवर. देगलूरच्या एका वैद्यानं बावचीचा लेप दिला. तो लावून उन्हात बसायचं होतं. मी बसले आणि हाताला फोड आले. फोड गेले, डाग राहिले. नांदेडहून रेल्वेनं दादा मला हैदराबादच्या एका हकिमाकडं घेऊन गेले. त्यानं पुड्या दिल्या आणि आंबट, वांगं, मासळी सगळं बंद केलं. मी वर्षभर चिंच खाल्ली नाही. डागांना त्याचं काही नव्हतं.

मग मायनं औषधांचा नाद सोडला आणि सुई हातात घेतली. माझ्या झंपरांना ती मनगटापर्यंत बाह्या जोडायला लागली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यांच्या त्या बाह्या कधीच अंगाच्या कापडाशी जुळायच्या नाहीत. हिरव्या झंपराला जांभळ्या, लालला करड्या. शाळेतल्या मुली त्यावरून हसायच्या. मी हसू द्यायची. बाह्यांना हसत होत्या, तोवर ठीक होतं.

असं करत मी मॅट्रिक झाले. नांदेडला आत्याच्या घरी राहून टायपिंग शिकले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. टायपिंगच्या वर्गात पंखा नव्हता. बाही यंत्राच्या दांड्यांत अडकू नये म्हणून मी तिला मनगटाशी सेफ्टी पिन लावायची, आणि मान झाकायला वेणी डाव्या खांद्यावरून पुढं घ्यायची. शिकवणारे सर म्हणायचे, "बाई, बोटं चांगली चालतात तुमची, पण तुम्ही एका जागी बसत का नाही?" मला ते कळायचंच नाही. मी बसलेलीच असायची. पण ओळ संपली की एक हात बाही ओढायला जायचा, दुसरा वेणी चाचपायचा, आणि नजर दाराकडं.

लातूर जिल्हा झाला त्या सुमारास मला नोकरी लागली. एका सरकारी खात्याचं नवं जिल्हा कार्यालय तिथं उघडलं होतं आणि टायपिस्ट हव्या होत्या. बिलोलीच्या स्टँडवर मला सोडायला दोघंही आले. गाडी लागली तसे दादा म्हणाले, "खोली बघायला जाशील तर आधी जात सांग. नंतर कळून कुणी सामान बाहेर टाकण्यापेक्षा आधी दार लावलेलं बरं." आणि माय खिडकीतून हात घालून माझी बाही नीट करत म्हणाली, "अन् ह्या खाली ठेव."

दोन्ही उपदेश मी एकदमच घेऊन निघाले. त्यात काही विसंगत आहे हे तेव्हा मला दिसलं नाही.

लातुरात तेव्हा सगळंच नवं आणि अर्धवट होतं. आमचं कार्यालय भाड्याच्या घरात भरायचं. उस्मानाबादहून ट्रकनं कपाटं यायची, कुणाची किल्ली यायची नाही. कुठल्या कुठल्या गावांहून बदलून आलेली माणसं एकमेकांना गाव विचारायची आणि त्यातून जात काढायची. खोल्यांची मारामार होती. मी दोन घरी जाऊन सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत. पहिल्या घरची खोली एकाएकी पुतण्यासाठी राखलेली निघाली. दुसऱ्या घरी बाईंनी दारच लावलं, निदान खोटं तरी बोलल्या नाहीत.

तिसरं घर गोलाई नावाच्या गोल बाजारपेठेजवळच्या एका किराणा दुकानामागं होतं. दुकान एक विधवा लिंगायत बाई चालवायच्या. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. उदगीरकडच्या होत्या, मुलांशी कानडी बोलायच्या, आणि सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची. मी गेले तेव्हा त्या गूळ तोलत होत्या.

"खोली आहे म्हणून कळलं," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध आहोत."

"मी इचारलं का?"

"नाही. पण नंतर विचाराल."

अव्वांनी तराजू खाली ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी वेणी पुढं ओढली. "खरी दिसतीस," त्या म्हणाल्या. "मागची खोली हाय. दार अलग, न्हाणी सगळ्यांची एक. नीट राहणार असशील तर राहा."

मी राहिले. नीटही राहिले. सकाळी न्हाणीत सगळ्यांच्या आधी जायचं, बाहेर येताना बाह्या खाली. मानेच्या डागाला मी एक लेप शोधून काढला होता. पावडरीत काथ आणि चिमटीभर हळद मिसळून तो माझ्या कातडीच्या रंगाला जवळजवळ जुळायचा. पण घामानं तो ओघळायचा आणि झंपराची कॉलर तपकिरी व्हायची. दिवसातून तीनदा मी कार्यालयाच्या मोरीत जाऊन आरसा बघायची. जेवणाच्या सुट्टीत बायका एकत्र डबे उघडायच्या, तेव्हा मला काहीतरी काम निघायचं. संध्याकाळी खोलीत बसवायचं नाही. भिंती अंगावर यायच्या म्हणून मी उठून चालायला निघायची. गोलाईतून चहूकडं रस्ते फुटतात. रोज त्यातल्या एका रस्त्यानं जायचं, अंधारून यायला लागलं की परत फिरायचं. कुठं पोचायचं नव्हतं. अव्वा दुकानातून विचारायच्या, "कुठं चाललीस गं रोज?" मी म्हणायची, "भाजी." भाजी रोज कोण आणतं?

पुढं पाऊस हुकला. एकदा हुकला, मग पुन्हा हुकला. विहिरी आटल्या, नळ आठवडा आठवडा येईना, आणि गल्लीत टँकर यायला लागला. तो कधी येईल ह्याला धरबंध नव्हता. लोक कान लावून बसायचे.

सुट्टीचा दिवस होता. शिळ्या पाण्यात मी न्हाणीत झंपरं धूत बसले होते. अंगात एक जुनं, आखूड बाह्यांचं होतं, घरात धुण्याच्या वेळी घालायचं. टँकरचा हॉर्न वाजला. सगळी गल्ली धावली तशी मीही दोन घागरी घेऊन धावले. नळीपाशी पोचले, घागर लावली, पाणी पडायला लागलं, आणि तेव्हा मला कळलं की माझे दोन्ही हात कोपरापासून उघडे आहेत, ओले आहेत, आणि भर उन्हात लख्ख पांढरे दिसताहेत.

माझ्या मागच्या बाईनं आपली घागर मागं घेतली.

"अगं बाई, कोड हाय हिला! नळीला हात लावला हिनं!"

गलका थांबला. टँकरचं पाणी तेवढं पडत राहिलं. कुणीतरी म्हणालं, नळी धुवा. कुणीतरी म्हणालं, कशानं धुवायची, पाणी कुठाय? मी घागर भरू दिली. का भरू दिली ठाऊक नाही, सोडून पळाले असते तर जास्त बरं झालं असतं असं त्या क्षणी वाटत होतं. पण पाणी होतं ते. भरलेली एक आणि रिकामी एक अशा दोन घागरी घेऊन मी परत आले. अव्वा दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या वळून आत गेल्या.

संध्याकाळी त्यांनी हाक मारली. "बा इल्ली." इकडं ये, असं त्या आपल्या मुलांना म्हणायच्या. माझ्या लक्षात आलं, सामान बांधायचं. मी तर ट्रंकही पुढं ओढून ठेवली होती.

अव्वा पोत्यावर बसल्या होत्या. "पहिल्या दिवशी तू उभ्या उभ्या जात सांगितलीस," त्या म्हणाल्या. "न विचारता. मी म्हणलं, पोरगी खरी हाय, घरात ठेवायला हरकत न्हाई. अन् हे लपवलंस?"

"जात सांगायची मला लाज वाटत नाही."

"अन् ह्याची वाटती?"

मी बाही आणखी खाली ओढली.

"कामून?"

मी तराजूकडं बघत राहिले. अव्वांनी माझ्या हाताकडं बोट केलं. "दुसऱ्याला लागतं का हे?"

"नाही."

"कोण म्हणतंय?"

"डॉक्टर म्हणतात."

"मी इचारीन," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी खरंच विचारलं, दवाखान्यात जाऊन. तोवर आणि त्यानंतरही काही दिवस माझा पाण्याचा पेला त्यांनी फळीवर वेगळा ठेवला होता. मला तो दिसायचा.

पण त्यांचा तो 'कामून' माझ्या डोक्यातून जाईना. त्या आठवड्यात मी गोलाईला किती फेऱ्या मारल्या असतील! चालताना तेच. जात सांगताना माझा आवाज उतरत नाही, मग हात दाखवताना जीव का जातो? जातीपायी दार बंद झालं होतं, घर मिळालं नव्हतं, पण मी लहान झाले नव्हते. हळूहळू मला दिसायला लागलं. जात सांगताना मी एकटी नसायची. माझ्यामागं दादा असायचे, आमची अख्खी वस्ती असायची, छप्पन साली ताठ झालेली हजारो माणसं असायची. त्यांनी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की यात लाजण्यासारखं आमच्याकडून काही नाही. हाताचं तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. ते माझं मलाच ठरवावं लागणार होतं, आणि मी ते तेरा वर्षांच्या पोरीवर आणि तिच्या घाबरलेल्या आईवर सोडून दिलं होतं.

हे कळलं म्हणून लगेच काही झालं नाही. झालं ते पाण्यामुळं. दिवसाला एक घागर मिळत होती. त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ. काथानं डागळलेली लांब बाह्यांची झंपरं धुवायला पाणीच उरेना. एका सकाळी मी तीन झंपरं घेऊन गोलाईतल्या दर्ज्याकडं गेले. म्हातारा मुसलमान होता, चष्मा नाकावर.

"ह्या बाह्या कोपराच्या वर कापा."

त्यानं कापड उलटंपालटं करून बघितलं. चांगलं होतं. "काटने के बाद जुडती नै, बाई."

"माहीत आहे."

"सोच लो."

"कापा हो!" मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या दुकानदारानं मान काढून बघितलं.

मला वाटलं होतं, बाह्या कापल्या की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. पहिल्या दिवशी कार्यालयात शिरले तेव्हा हात अंगाला चिकटवून, जणू कुणाची तरी उसनी वस्तू सांभाळत आणली आहे. हेडक्लार्क एरवी माझ्या हातात कागद द्यायचे, त्यांनी ते टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले. पुढं ते शिपायाकरवी पाठवायला लागले. एका बाईंनी आपली खुर्ची सरकवली आणि पंख्याचं कारण सांगितलं. बोटं सारखी मनगटाकडं जायची, नसलेली बाही ओढायला, आणि उघड्या कातडीवर येऊन थबकायची. त्यात ऊन. डागांवरची कातडी उन्हानं भाजून निघायची, गुलाबी व्हायची, आग आग करायची. पंधरा वर्षांत कुणी मला कधी विचारली नव्हती ती गोष्ट आमच्या स्टेनोनं विचारली. वयस्क माणूस होता. माझ्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, "उन्हात जळजळतं का हो हे?"

"फार."

"खोबरेल लावा. माझ्या भावाला आहे."

एवढंच बोलून तो गेला. मी टाइपरायटरवर तीच ओळ दोनदा मारली.

अव्वांच्या फळीवरचा माझा पेला ह्याच दिवसांत कधीतरी बाकीच्यांत मिसळला. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक माझ्याकडं टक लावून बघायला लागलं की त्या ओरडायच्या, "काय बघून राहिली गं? तेल घे अन् चालू लाग!"

तेवढ्यात दादांचं बोलावणं आलं. नांदेडला आत्याच्या घरी स्थळ बघायला येणार होतं. मुलगा अर्धापूरचा, पाटबंधारे खात्यात नोकरीला. मी गेले. आत्याच्या दारात दादा उभे होते. त्यांची नजर आधी माझ्या हातांवर गेली आणि तिथंच राहिली.

"हे काय केलंस?"

"कापल्या."

"दुसरं न्हाई आणलं? पूर्ण बाह्यांचं?"

"सगळीच कापली, दादा."

ते आत गेले आणि आत्याचं एक ढगळ, लांब बाह्यांचं झंपर घेऊन आले. दादांनी माझ्यासाठी कपडा हातात घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. "आजच्या दिवस घाल."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

"तुम्ही देव नदीत सोडायला निघालात तेव्हा, 'आजच्या दिवस ठेव' असं कुणी म्हणालं नव्हतं का?"

दादांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हात उचलतील. त्यांनी तो कधी उचलला नव्हता. झंपर त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"म्हणालं होतं," ते म्हणाले. "माझी मायच म्हणाली होती."

"मग?"

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

पाहुणे केळीची मोठी फणी घेऊन आले होते. मुलगा, त्याचे वडील, आई. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले. बशी पुढं केली तसा मुलाच्या आईनं माझा हात बघितला.

"अगं माय, भाजलं का काय?"

"हाव!" आत्या चटकन म्हणाली. "लहानपणी दूध सांडलं अंगावर. लई भाजलं होतं."

काय सोपं होतं ते! बाईंच्या चेहऱ्यावर कळवळा आला. भाजलेल्या पोरीची दया येते, तिच्या घागरीपासून कुणी घागर मागं घेत नाही. मला फक्त गप्प राहायचं होतं. मी हातातली बशी खाली ठेवली.

"भाजलेलं नाही," मी म्हणाले. "कोड आहे."

मुलाची आई माझ्याकडं बघेना. ती दादांकडं वळली. "खरं का हो, भाऊ?"

दादा खिडकीतून बाहेर बघत होते.

"पोरगी खरं बोलून राहिली," ते म्हणाले. "कोडच हाय. बारा-तेरा वर्षांची होती तवापासून."

पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला, पावसाचं बोलले आणि गेले. मुलानं जाताना मला नमस्कार केला, त्याचं मला आजही बरं वाटतं. होकार आला नाही. केळी मात्र राहिली. आत्या रडत होती आणि मी रिकाम्या बशा गोळा करत होते.

संध्याकाळी दादा मला लातूरच्या गाडीवर सोडायला आले. स्टँडवर बाकावर शेजारी बसले.

"मला तुझा राग आला हाय," ते म्हणाले.

"हो."

"लई आला हाय. उतरंल तवा येईन लातूरला."

गाडी लागली. मी चढले, जागा धरली, खिडकीतून बघितलं तर ते अजून तिथंच उभे होते, ताठ, मान वर. राग उतरायला त्यांना अख्खा उन्हाळा लागला. मग एके दिवशी आले, अव्वांच्या दुकानात बसले, आणि दोघंही दुपारभर पाऊस का पडत नाही याच्यावर वाद घालत राहिले.

त्याच सुमारास कार्यालयात एक शेतकरी आला. औशाकडचा. बरोबर त्याची मुलगी, चौदा-पंधराची असेल, उजव्या हाताला कापड गुंडाळलेलं. दारातूनच त्यानं मोठ्यानं विचारलं, "कोडवाल्या बाई कुठं बसत्यात?"

सगळ्यांचे हात थांबले. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. माझं नाव होतं, हुद्दा होता, माझ्या टायपिंगची साहेब तारीफ करायचे, आणि बाहेर मला ह्या नावानं ओळखत होते. मनात आलं, म्हणावं, इथं कुणी नाही. पण तोवर हेडक्लार्कनी बोट दाखवलं होतं.

तो माणूस समोर येऊन उभा राहिला आणि एकदम गरीब झाला. "बाई, माफ करा. आमच्या गावचा एकजण हितं कामाला आला होता, त्यानं सांगितलं. ही शाळेत जाईना. घराबाहेर निघंना. तुमी हिला सांगा काईतरी."

काय सांगणार? मला स्वतःलाच काही पक्कं ठाऊक नव्हतं. मी मुलीला खुर्चीवर बसवलं. ती माझ्या हातांकडं बघत राहिली, लोक बघतात तसं नाही, हावरटासारखं, एक एक डाग.

"लोक बघत्यात तवा तुमाला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"पळून जावंसं वाटतं."

"अजून?"

"आत्ता तुझ्या वडलांनी दारातून विचारलं ना, तेव्हासुद्धा वाटलं."

"मग पळत का न्हाई?"

"टायपिंग राहून जातं," मी म्हणाले.

ती फसकन हसली आणि लगेच बापाकडं बघून तोंड मिटलं. मग टाइपरायटरकडं बघायला लागली. मी कागद लावून यंत्र तिच्याकडं वळवलं. तिनं डाव्या हाताच्या एका बोटानं एक अक्षर मारलं, मग दुसरं. उजव्या हाताचं कापड मध्ये यायला लागलं तसं तिनं ते दातानं सोडलं आणि मांडीवर ठेवलं. तिचा बाप भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा होता. तिनं स्वतःचं नाव मारलं, त्यात एक वेलांटी चुकली, म्हणून पुन्हा मारलं. तो कागद घेऊन ती गेली. शाळेत परत गेली की नाही, मला कधी कळलं नाही. ते दोघं गेल्यावर मी जागेवर बसूच शकले नाही, उठून कपाटं उघडत आणि लावत राहिले.

माझं लग्न पुढं झालं, उशिरा, उदगीरच्या एका शिक्षकाशी. मुलगी झाली. अव्वा गेल्या, दादाही गेले. डाग मात्र थांबले नाहीत. हातावरून खांद्यावर, पोटावर, मग तोंडावर. पन्नाशी उलटेपर्यंत सगळं अंग एकसारखं पांढरं झालं. आता माझा मूळ रंग शोधायचा तर पाठीवर कुठंतरी एखादा तपकिरी ठिपका सापडेल. ज्यांनी मला आधी पाहिलेलं नाही ती माणसं मला गोरी समजतात. भाजीवाला 'गोऱ्या मावशी' म्हणतो. लपवायला आता काही करावंच लागत नाही, आणि त्यानं मला जी घालमेल होते ती त्या लांब बाह्यांत कधी झाली नव्हती.

मागं लातुरात एका लग्नाला गेले होते. पंगतीला जागा शोधत एक अनोळखी बाई माझ्या शेजारी आल्या. छान होत्या बोलायला. त्यांचा मुलगा लग्नाचा होता. मला निरखून बघत म्हणाल्या, "काय रंग आहे हो तुमचा! तुमची मुलगीपण अशीच गोरी आहे का?"

बापावर गेली आहे, असं हसून म्हणता आलं असतं. ते खरंही आहे. पण साठीच्या वयातही माझा हात नसलेली बाही ओढायला मनगटाकडं गेला.

"हा रंग नाही, ताई," मी म्हणाले. "कोड आहे. मी चांगली सावळी होते. मुलगीही सावळी आहे."

त्यांचा हात ताटावर तसाच राहिला. त्या उठतील असं मला वाटलं, आणि कदाचित त्यांनाही वाटलं असावं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. सगळ्या जागा भरल्या होत्या. मग त्या जरा सावरून बसल्या, पदर नीट केला, आणि आम्ही दोघी जेवू लागलो.

"मठ्ठा आंबट झालाय फार," त्या शेवटी म्हणाल्या.

"फारच," मी म्हणाले.